झाकणाखालचा निकाल

चष्म्याच्या दुकानात एक ड्रॉवर असतोच. लोक जुनी फ्रेम ठेवून जातात, "नंतर नेतो" म्हणतात, आणि पुन्हा येत नाहीत. आमच्या पोकर मंडळाचे किस्से माझ्याकडे असेच साठलेत. कोणी करून गेलं, कोणी सांगून गेलं, सांभाळायला मी!

हो, पोकर. महाडमध्ये. हसून घ्या एकदा.

बुधवारी संध्याकाळी आम्ही चौघं आपापल्या घरून मोबाइलवर एका टेबलावर बसायचो. रविवारी सकाळी दहाला माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत, जिथे मी लोकांचे डोळे तपासतो तिथे, त्या डावांचं पोस्टमॉर्टेम. चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्या, फुकटच्या. पैशाचे ऑनलाइन डाव आता कायद्यानेच बंद झालेत, पण आम्ही त्याच्या आधीपासूनचे फुकटे. चिप्स खोट्या होत्या, भांडणं मात्र एकदम ओरिजिनल!

खेळ माहीत नसेल तर दोन वाक्यांत सांगतो. प्रत्येकाच्या हातात दोन झाकलेले पत्ते, आणि मध्ये सगळ्यांचे मिळून पाच. आधी तीन उघडतात, मग एक, मग शेवटचा. दर वेळी मधल्या ढिगात, म्हणजे पॉटमध्ये, किती लावायचं ते ठरवायचं. थोडं लावलं तर समोरचा स्वस्तात पुढचा पत्ता बघतो, फार लावलं तर घाबरून पत्ते टाकतो. पत्ते नशिबाने येतात, पण किती लावायचं हे आपल्या हातात असतं. आमची सगळी चर्चा या 'किती'वर चालायची.

खोलीत स्टुलं चार. एक पोलादपूरच्या महाडिक मॅडमचं. झेडपीच्या शाळेत गणित शिकवून रिटायर झालेल्या. एक बाळारामचं, पोलादपूरच्या वरच्या वाडीत त्याच्या शेळ्या आणि चार म्हशी, सकाळी दूध घेऊन खाली येतो. एक इक्बालभाईंचं, बावीस वर्षं मस्कतला स्टोअरकीपर, परत आल्यावर दोन ट्रक घेऊन ट्रान्सपोर्टचा धंदा. आणि एक माझं.

आता इक्बालभाईंचं स्टूल रिकामं आहे. ते माझ्या तोंडामुळे रिकामं झालं. तिथूनच सुरुवात केली तर तुम्ही माझ्याशी बोलणार नाही, म्हणून आधी हसण्याचे सांगतो.

*

अगदी पहिल्या रविवारचा हा किस्सा. बाळाराम नाचत आला. येताना पेढे! बुधवारी त्याने हातात काही नसताना सगळ्या चिप्स लावल्या होत्या, आणि शेवटचा पत्ता असा पडला की डाव त्याचाच.

"मॅडम, तोंड गोड करा!"

मॅडमनी पेढा घेतला, खाल्ला, रुमालाला हात पुसला आणि म्हणाल्या, "बाळाराम, उत्तर बरोबर. रीत चूक. शून्य मार्क."

"जिंकलो ना पण!"

"मागच्या पानावरचं उत्तर बघून गणित सोडवणारी मुलं मी पस्तीस वर्षं पाहिलीत. निकाल दिसला की माणूस विचार करायचा थांबतो. निकाल झाकायचा."

कशाने झाकायचा? इक्बालभाईंनी इकडेतिकडे बघितलं. माझ्या टेबलावर मस्कती हलव्याचा पत्र्याचा गोल डबा होता. त्यांनीच आणलेला. हलवा केव्हाच संपला होता आणि डब्यात मी चष्म्याचे बारीक स्क्रू ठेवायचो. त्यांनी त्याचं झाकण काढलं आणि फोनच्या खालच्या भागावर ठेवलं. ॲपमध्ये अख्खा डाव वरून खाली लिहून येतो, आणि कोण जिंकलं ते सगळ्यात शेवटी. झाकण बरोबर तिथे बसलं.

तेव्हापासून आमचा नियम झाला. झाकण ठेवायचं, डाव वाचायचा, किती लावलं ते बरोबर की चूक यावर प्रत्येकाने बोलायचं. सगळ्यांचं बोलून झाल्याशिवाय झाकण उचलायचं नाही. बाळाराम त्या दिवशी उरलेले पेढे परत घेऊन गेला.

*

पुढे बाळाराम एकदम बदलला. डाव कसाही असो, गडी बरोबर अर्धा पॉट लावायचा. दोन एक्के आले तरी अर्धा. हातात कचरा असला तरी अर्धाच! त्यामुळे त्याच्याकडे काय आहे ते कुणालाच कळेना. महिनाभर तो आम्हाला धूत होता.

रविवारच्या बैठका फक्त त्याच्यावर व्हायला लागल्या. मी म्हणालो, हा कुठूनतरी शिकून आलाय. इक्बालभाई म्हणाले, मस्कतच्या मेसमध्ये एक आचारी होता, तो असाच एकसारखा लावायचा, त्याला आम्ही कुणी कधी हरवू शकलो नाही. मॅडमनी तर वहीत दोन पानं लिहून आणली, 'समान बेटचे फायदे', म्हणजे दर वेळी एकसारखंच लावण्याचे. मोठ्याने वाचून दाखवली. बाळाराम मान खाली घालून ऐकत होता.

वाचून झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "आता तू सांग. हे तुला सुचलं कसं?"

"मॅडम, माझा फोन सड्यावरच्या कातळावरनं पडला. काच फुटली हाय. पाव आणि पूर्ण पॉट, दोन्ही बटणं दाबतच नाय. मधलंच तेवढं चालतं!"

मला दया आली. माझ्या शेजारच्या मोबाइलवाल्याकडून मी त्याची काच बदलून दिली, बिल माझ्यातर्फे. पुढच्या बुधवारपासून तीनही बटणं चालू झाली आणि बाळाराम जो हरायला लागला, तो आजपर्यंत!

अजून म्हणतो, "नंदूशेट, काच बदललीत नी माझं वाटोळं केलंत." हसत म्हणतो. पण लोकांच्या भल्यासाठी म्हणून मी जे जे करतो त्यावर आता माझा फारसा विश्वास राहिलेला नाही.

*

मॅडम रविवारी पोलादपूरहून एसटीने येतात. एकदा बुधवारची त्यांची बस लेट झाली. महाडच्या डेंटिस्टकडून परत निघाल्या होत्या आणि डाव सुरू व्हायची वेळ झाली. मॅडम म्हणजे वेळेच्या पक्क्या. बसमध्येच फोन काढला.

हातात दोन राजे. समोर इक्बालभाई. मॅडम भान विसरल्या आणि पट पट पट लावत गेल्या. शेवटच्या पत्त्याला स्वतःशीच बोलायचं ते मोठ्याने बोलल्या, "आता भीती नाही! ऑल-इन! सगळ्या चिप्स!"

सगळी बस वळून बघायला लागली. कंडक्टर तिकीट मशिन हातात घेऊन सीटजवळ येऊन उभा राहिला. वाकून स्क्रीन बघितली. मॅडमकडे बघितलं.

"मॅडम, ओळखलंत? सातवी ब. मधल्या सुट्टीत तीन पत्ती खेळलो म्हणून अख्खा तास अंगठे धरून उभं केलं होतंत!"

मॅडमनी आयुष्यात पहिल्यांदा दोन राजे टाकून दिले. तेव्हापासून एसटीत बसल्या की फोन पर्समध्ये ठेवतात आणि बस लेट असेल तर एक डाव हुकतो.

*

इक्बालभाईंचं सगळं उलटं होतं. हातात कचरा असला की ते लगेच पत्ते टाकायचे. पत्ते भारी असले की लावायचे अगदी थोडंसं. बाराशेच्या पॉटमध्ये शंभर, दोनशे.

"अरे, मोठं लावलं तर समोरचा पळून जाईल ना! थोडं थोडं द्यायचं. माणूस टेबलावर थांबला पाहिजे."

"इक्बालभाई, ही भीती झाली," मॅडम म्हणायच्या. "गणित नाही."

"मॅडम, भीतीचंपण गणित असतं."

त्यांच्या ट्रकच्या ड्रायव्हरांना फोनवर सांगणंही तसंच. पावसाळ्यात कशेडी घाटात दरडीची बातमी आली की, "घाई नको रे, थोडं थोडं पुढे सरक, थांब, परत सरक." त्यांची एक गाडी एकदा सव्वा दिवसाने खेडला पोचली. चालत गेलो असतो तरी लवकर पोचलो असतो, असं तो ड्रायव्हरच सांगायचा!

एका रविवारी कसा कोण जाणे मुलांचा विषय निघाला. इक्बालभाई दोन वर्षांतून एकदा एक महिना घरी यायचे. मुलगा समीर चार वर्षांचा असतानाची गोष्ट त्यांनी सांगितली. सांगताना स्वतःच हसत होते.

"दुबईहून आणतात तसली चावीची मोटार आणली होती त्याच्यासाठी. पठ्ठ्या पंधरा दिवस माझ्याशी छान खेळला. सोळाव्या दिवशी आईला विचारतो, अम्मी, हे पाहुणे कधी जाणार?"

आम्ही खूप हसलो. बाळारामच्या डोळ्यांत तर पाणी आलं. इक्बालभाईही हसले, मग टोपी काढून पुन्हा घातली आणि म्हणाले, "पुढचा डाव कोणाचा?"

समीर आता मडगावला एका हॉटेलात स्टोअर सांभाळतो. बायको आहे, लहान मुलगी आहे. ईदला फोन येतो. दोन मिनिटं बोलतो आणि ठेवतो, एवढं मला माहीत होतं. त्यांच्या बेगम गेल्यापासून तर तेवढंच. हे सगळं त्यांनी आम्हाला सांगितलं, कारण आम्ही मित्र होतो.

*

आता तो डाव. टाळून टाळून किती टाळणार?

इक्बालभाईंच्या हातात दोन राण्या. मध्ये पहिले तीन पत्ते उघडले, त्यात तिसरी राणी! आणि दोन बदाम. माझ्या हातात बदामचा एक्का आणि बदामचीच सत्ती. म्हणजे माझी चार बदामं झाली, पाचवं आलं तर मी वर, नाही तर त्यांच्या तीन राण्यांपुढे माझं काही चालणार नव्हतं. पॉट बाराशेचा. त्यांनी लावले दोनशे.

दोनशे! मी दिले. चौथा पत्ता इस्पिकचा आला, माझ्या कामाचा नव्हता. त्यांनी लावले अडीचशे. मी तेही दिले. पाचवा पत्ता बदामचा गुलाम. त्यांनी पुन्हा लहानसे तीनशे लावले आणि मी होत्या तेवढ्या सगळ्या चिप्स पुढे सारल्या. ते थांबले. मग म्हणाले असतील, बघू तरी, आणि दिले. डाव माझा झाला.

रविवारी तो डाव बैठकीला आला. झाकण ठेवलं. मॅडमनी वही उघडली.

"इक्बालभाई, नंदकुमारला बदाम यायची शक्यता पाचात एक. तुम्ही त्याला दोनशे टाकून चौदाशे जिंकायची सोय करून दिलीत. आठशे लावले असते तर त्याने पत्ते टाकले असते."

"तेच म्हणतोय मी, टाकले असते! मग तीन राण्यांचा उपयोग काय?"

"पॉट तुमचा झाला असता, हा उपयोग."

इथपर्यंत नेहमीचं चाललं होतं. मॅडमचं बोलून झालं होतं. बाळाराम म्हणाला, मी तर अर्धाच लावला असता. आता माझी पाळी होती. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की दोनशे कमी होते. पण मी जिंकलेला होतो, आणि जिंकलेला माणूस फार वाईट असतो. मी झाकण उचललं. नियम मोडून, स्वतःच. माझ्या नावापुढचा आकडा त्यांच्या डोळ्यांसमोर धरला आणि म्हणालो, "इक्बालभाई, तुम्ही आयुष्यभर हेच केलंत. पोरावरपण हेच. दोन वर्षांनी एक महिना! एवढ्याशा बेटवर कोण थांबतं? पाहुणे कधी जाणार, विचारणारच तो!"

बोललो तेव्हा मला वाटलं होतं सगळे हसतील.

कोणी हसलं नाही. भिंतीवर अक्षरांचा तक्ता आहे, डोळे तपासायचा, त्याच्या वर पुराच्या पाण्याची रेघ आहे. बाळाराम त्या रेघेकडे बघत बसला. मॅडमनी वही मिटली.

इक्बालभाईंनी माझ्या हातातलं झाकण घेतलं. रागाने घेतलं नाही, एखादा आपलं सामान परत घेतो तसं घेतलं. "बरोबर हाय तुझं," म्हणाले. उठले आणि गेले. झाकणही त्यांच्याबरोबर गेलं.

ही रेघ ज्या पुराची, त्या पुरात इक्बालभाईंनी काय केलं होतं माहीत आहे? पाणी चढायला लागलं तेव्हा मी घरी अडकलो होतो. ते ट्रक घेऊन दुकानावर आले, ड्रायव्हरला शटर उघडायला लावलं, माझं डोळे तपासायचं मशिन उचलून गाडीत घातलं आणि उंचावर नेऊन ठेवलं. त्याच वेळी त्यांच्या गोडाऊनमध्ये कमरेएवढं पाणी होतं. मला हे त्यांनी सांगितलं नाही, त्यांच्या ड्रायव्हरने सांगितलं. तेव्हा त्यांनी थोडं थोडं लावलं नव्हतं. मला त्या रविवारी हे आठवायला हवं होतं.

*

माफी मागायची होती. मी काय केलं? दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबाच्या फुलाचा गुड मॉर्निंग मेसेज पाठवला!

निळी खूण आली. उत्तर आलं नाही.

आठवड्याने त्यांच्या नंबरचा नवीन वाचायचा चष्मा तयार केला आणि रिक्षावाल्याबरोबर पाठवला. रिक्षावाला परत आला. "भाई बोलले, चष्मा छान हाय. मला सगळं नीट दिसतंय पण. दुसऱ्या कुणा गरजवंताला द्या."

मग मी त्यांच्या ऑफिससमोरून तीनदा स्कूटरने गेलो. तिसऱ्या वेळी त्यांनी मला बघितलं आणि मी हॉर्न वाजवला. हॉर्न! माझ्याच कानाला तो इतका वाईट वाटला की घरी जाईपर्यंत मी ब्रेकवर पाय ठेवूनच स्कूटर चालवली.

रविवारी मॅडम आल्या. झाकणाच्या जागी आता त्या वहीचा पुठ्ठा ठेवतात. त्या दिवशी डाव नव्हताच. पुठ्ठा बाजूला ठेवून म्हणाल्या, "नंदकुमार, आज तुझी माफी तपासू. कोणकोणत्या बेट लावल्यास ते सांग."

मी सांगितलं. मेसेज, चष्मा, हॉर्न.

मॅडमनी तिन्ही बेट बोटांवर मोजल्या. मग म्हणाल्या, "वाईट बोलायची वेळ आली तेव्हा होतं नव्हतं सगळं लावलंस. आता माफी मागायची तर शंभर शंभर लावतोस. इक्बालभाईंना हसत होतास ना?"

मला शाळेत कोणी असं बोललं नव्हतं. बोललं असतं तर कदाचित बरं झालं असतं.

तेवढ्यात बाळाराम दुधाची किटली घेऊन आत आला. "कळलं का? इक्बालभाईंनी दोन्ही गाड्या विकल्या. पुढच्या रविवारी सकाळच्या सावंतवाडी गाडीने जातात, तिथनं मडगाव. पोराकडं. परत येणार नाय म्हणे."

मी स्टुलावरून उठलो आणि पुन्हा बसलो. माझ्या बोलण्यामुळे चाललेत का? की त्यांना जायचंच होतं? आणि समीरने त्यांना दारातूनच परत पाठवलं तर? गेल्या सहा वर्षांत जो मुलगा एकदा महाडला आला नाही, तो काय करेल याचा काय भरवसा? आणि पाठवलं परत तर यायला गाड्याही नव्हत्या, धंदाही नव्हता. ते सगळं माझ्या एका वाक्यावर होतं.

मॅडम म्हणाल्या, "वीर स्टेशन. अर्धा तास आधी. एकटा जा, आम्ही येणार नाही. आणि रिकाम्या हाताने जा."

*

रविवारी दुकान बंद ठेवलं. रिक्षाने वीरला निघालो. वाटेत काय बोलायचं त्याची तालीम करत होतो. "मी चुकलो" ने सुरू करावं, की "इक्बालभाई, रागावलात ना" ने? चार वेगवेगळ्या सुरुवाती करून झाल्यावर रिक्षावाल्याने आरशातून बघितलं.

"शेट, माझ्यावर कसला राग? मी तर मीटरनेच घेतोय."

प्लॅटफॉर्मवर फार लोक नव्हते. इक्बालभाई बाकावर बसले होते. दोन बॅगा, एक पिशवी, डोक्यावर स्वच्छ पांढरी टोपी. मला बघून त्यांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली, म्हणजे मला बसायला जागा झाली.

मी बसलो नाही. बसलो असतो तर नुसतं पावसाबद्दल बोललो असतो. उभ्यानेच सांगितलं.

"इक्बालभाई, मी घाण बोललो. तुम्ही विश्वासाने सांगितलेली गोष्ट मी तुमच्याच अंगावर फेकली, आणि तीही चार लोकांत, हसं व्हावं म्हणून. मी पुरात घरी बसलो होतो तेव्हा तुम्ही माझं दुकान वाचवलंत. मला तुमची आठवण रोज येते. माफ करा."

मला वाटतं आयुष्यात एवढं एका दमात मी कधीच बोललो नव्हतो.

इक्बालभाई रुळांकडे बघत होते. "गाडी वीस मिनिटं लेट हाय," म्हणाले.

मग पिशवीतून केळं काढून अर्धं मला दिलं. मी खाल्लं. ते म्हणाले, "तू खोटं बोलला असतास तर मी तुला तिथेच शिव्या घातल्या असत्या. खरं बोललास म्हणून लागलं रे. दुसऱ्याने बोललं असतं तरी चाललं असतं. तू बोललास."

अजूनही जेवताना मध्येच ते वाक्य आठवतं.

"समीर घ्यायला येणार ना स्टेशनला?" मी विचारलं.

"त्याला माहीतच नव्हतं. आधी विचारलं असतं तर तो विचार करतो म्हणाला असता. मी सगळं विकून झाल्यावर, आज सकाळी, घराला कुलूप लावून मेसेज टाकला."

फोन काढून त्यांनी मला वाचायला दिला. चष्मा घातला नव्हता, हात लांब धरूनच दिला. त्यांच्या त्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं:

'समीर. गाड्या विकल्या. घर बंद केलं. तुझ्याकडे येतोय. ह्या वेळी परतीचं तिकीट काढलेलं नाय. तू लहान असताना जे द्यायला पाहिजे होतं ते आता घेऊन येतोय. उशीर झाला हे मला कळतं. तुझे अब्बा.'

मी वाचत होतो तेवढ्यात फोन हातात थरथरला. टुंग! खाली काहीतरी आलं. समीरचं नाव वर चमकलं.

माझी नजर खाली जायच्या आत इक्बालभाईंनी फोन ओढून घेतला. पिशवीत हात घातला, आणि बाहेर काढलं ते झाकण! मस्कती हलव्याच्या डब्याचं, पत्र्याचं, कडेला थोडं गंजलेलं. सहा आठवडे माझे स्क्रू उघड्यावर पडले होते आणि हे इथे होतं. त्यांनी फोन बाकावर ठेवला आणि झाकण बरोबर खालच्या भागावर ठेवलं.

लांबून बोगद्याकडून गाडीची शिट्टी ऐकू आली. लोक बॅगा उचलायला लागले.

"इक्बालभाई, बघा ना काय लिहिलंय! गाडी दोन मिनिटं थांबते!"

त्यांनी झाकणावर हात घट्ट दाबून धरला. माझ्याकडे बघितलं. गेल्या सहा आठवड्यांत पहिल्यांदा नीट बघितलं.

"नियम म्हणजे नियम. आधी तू बोल. किती लावलं ते बरोबर हाय की नाय?"

"बरोबर आहे," मी म्हणालो. "एवढंच लावायला हवं होतं."

"मग बॅग उचल," इक्बालभाई म्हणाले. "गाडी आली."